भरीत पार्टीला मला कुणी विचारलंच नाही

प्रश्न : ताई, मी जळगावला एमआयडीसीत एका दालमिलच्या ऑफिसात अकाउंटला आहे, चार वर्षं झाली. दोन्ही कानांना मशीन आहे. कामाबद्दल कुणाची तक्रार नाही. पण मिटिंगमध्ये सगळे हसतात आणि मी विचारलं काय झालं तर म्हणतात, "काही नाही रे, सोड." मागच्या हिवाळ्यात सगळा स्टाफ एकाच्या शेतात भरीत पार्टीला गेला, मला सोमवारी डबा खाताना कळलं. म्हणे, "तुला तिथं त्रास झाला असता." माणसं वाईट नाहीत, भांडू कुणाशी? जॉब सोडावासा वाटतो.
– एक वाचक, जळगाव

उत्तर : भाऊ, ते "सोड" वाचून मी तिथंच थांबले. पगार कापला असता तर दाखवता आला असता, हे दाखवता येत नाही म्हणून माणूस आतल्या आत कुढतो. तुम्हाला त्रास होईल की नाही हे त्यांनी तुम्हाला न विचारताच ठरवून टाकलं, आणि मनात वाईट नव्हतं तरी ते चुकलंच.

मशीन लावलं की सगळं ऐकू येतं असं लोकांना वाटतं. पण मशीन आवाज मोठा करतं, आणि आपल्याकडे मार्चपासून कूलर लागला की त्याची घरघर पण मोठी होते, त्यात चार जण एकदम बोलले की संपलंच. ओठ बघावे तर प, ब, भ, म सारखेच दिसतात, "भाव" म्हणाले की "पाव" ते अंदाजानं ताडायचं, समोरच्याच्या तोंडात पुडी असली तर तेही नाही. दिवसभर असं ताडून संध्याकाळी डोकं किती शिणतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून आधी ज्याच्याशी जमतं अशा एकाला धरा आणि स्पष्ट सांगा, मी कूलरपासून लांब, सगळ्यांची तोंडं दिसतील असा बसणार, एका वेळी एकानंच बोलायचं, ठरलेलं ग्रुपवर टाकायचं, पार्टीचं पण. आणि "सोड" नाही म्हणायचं, दोन वाक्यं परत सांगायची.

मालकांशी बोलताना हेही माहीत असू द्या : 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं खाजगी कंपनीलाही समान संधी धोरण करावं लागतं, आणि 20 किंवा जास्त कर्मचारी असले तर केंद्राच्या 2017 च्या नियमांप्रमाणे त्यात कोणत्या सोयी देणार ते लिहावं लागतं, संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. म्हणजे तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात.

एवढं करूनही "सोड"च ऐकायला आलं तर खुशाल दुसरीकडे बघा, त्यात तुमची हार नाही. काय झालं ते मला नक्की कळवा.