काउन्सेलर मुलीला पळायला का लावतात?

प्रश्न: आमची मुलगी नववीत आहे. गेले काही महिने शाळेच्या दिवशी सकाळी तिचं पोट दुखतं आणि परीक्षेला बसली की छातीत धडधडतं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. आता शाळेच्या काउन्सेलर म्हणतात, तिला आठवड्यातून तीन दिवस शाळेआधी व्यायामाच्या गटात पाठवा. आम्हाला वाटलं होतं त्या तिच्याशी बोलतील. पळून टेन्शन जातं का? अभ्यासाचा वेळ जातो तो वेगळाच. आणि काउन्सेलरकडे जाते हे तिच्या रेकॉर्डवर राहील का?

ताई, आधी धडधडीचं बोलू, कारण खरी मेख तिथेच आहे.

पेपर हातात आला की तिचे ठोके वाढतात, श्वास पुरत नाही, तळहात घामेजतात. अभ्यास आठवत नाही यापेक्षा 'मला काहीतरी होतंय' याचीच तिला जास्त भीती वाटते, आणि त्या भीतीने ठोके आणखी वाढतात. दोन जिने धावत चढल्यावरही शरीराचं नेमकं हेच होतं. फक्त तेव्हा कारण माहीत असतं, म्हणून कोणी घाबरत नाही. जाणती काउन्सेलर याचाच उपयोग करून घेते. मैदानाला एक फेरी मारायला लावते, मग मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजायला सांगते आणि त्याला चारने गुणायला लावते. दोन मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं. आकडा उतरलेला मुलगी स्वतः पाहते. 'घाबरू नकोस' हे शंभरदा ऐकून जे होत नाही, ते इथे होऊ लागतं: धडधड वाढते तशी उतरतेही, हे तिला अंगाने कळतं. भीतीचे झटके येणाऱ्यांसाठी मानसोपचारातही हा मार्ग वापरतात. तीच लक्षणं सुरक्षित जागी मुद्दाम आणायची आणि ओसरेपर्यंत थांबायचं.

राहिलं बोलणं. चौदा वर्षांच्या मुलीला बंद खोलीत मोठ्या माणसासमोर खुर्चीत बसवलं की तिला ती चौकशीच वाटते. 'काय झालं?' 'काही नाही.' संपलं. शेजारी शेजारी चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, मधली शांतता अवघड वाटत नाही आणि मूल आपणहून काहीतरी बोलून जातं. हे घरीही करून बघा. संध्याकाळी तिच्याबरोबर चालायला जा, फोन खिशात ठेवा आणि मार्कांचा विषय काढू नका. ती गप्प राहिली तर तुम्हीही गप्प राहा.

व्यायामाने आनंदाची रसायनं सुटतात, असं सगळीकडे ऐकायला मिळतं. मी त्यावर फार भिस्त ठेवत नाही. झोप सुधारते, काल जमलं नाही ते आज जमतं आणि चारचौघांत सामावल्यासारखं वाटतं, या गोष्टी मला जास्त मोलाच्या वाटतात. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांसाठी तर शेवटची फारच. वर्गात उच्चारांवरून बुजणारं मूल पळताना बुजत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करावी. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही इतपत दम लागणं. बस, वर्ग, बस, मग ऑनलाइन क्लास अशा दिवसात ही ६० मिनिटं कुठे आहेत, ते तुम्हीच शोधून पाहा.

आता तुमच्याकडून जपायच्या गोष्टी. या गटाचा आणखी एक क्लास करू नका. 'किती फेऱ्या झाल्या? पहिली कोण आली?' हे दारातच विचारलंत तर पोटदुखीला नवं निमित्त मिळेल. वजनाचा विषय तर अजिबात नको. व्हिडिओ कॉलवर कोणी 'जाड झालीस गं' म्हणालं तर ते तिथल्या तिथे थांबवायचं काम तुमचं. ती जेवण टाळू लागली, लपून व्यायाम करू लागली किंवा एक दिवस चुकला म्हणून कासावीस झाली, तर लगेच काउन्सेलरना सांगा. दमा असेल तर शाळेला आधी कळवा. पळताना कधी चक्कर येऊन पडली किंवा छातीत दुखलं, तर गट थांबवून आधी डॉक्टरांकडे न्या.

रेकॉर्डचे नियम देशागणिक बदलतात, त्यामुळे काय नोंदवलं जातं आणि ते कोण पाहू शकतं, हे काउन्सेलरना ईमेलवर सरळ विचारा. त्यांना यात काही वावगं वाटणार नाही. शाळेतली काउन्सेलर आजाराचं निदान करत नाही, हे मात्र लक्षात असू द्या. मुलगी तिथे काय बोलली ते खोदून विचारू नका. तिच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, तर त्या स्वतःहून तुम्हाला कळवतील.

आणि पळणं हे उपचाराच्या जागी नाही. दोन आठवडे मन उदासच राहिलं, आवडत्या गोष्टी सुटल्या, झोप किंवा भूक पार बिघडली, तर मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. शंका आलीच तर तिला मराठीत, सरळ विचारा: 'जीव नकोसा वाटतो का? जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तसा विचार मनात येत नाही. उत्तर 'हो' आलं तर तिला एकटं सोडू नका आणि मदत त्याच दिवशी मिळवा. अमेरिका आणि कॅनडात ९८८ वर फोन किंवा मेसेज करता येतो.

अभ्यासाच्या वेळेचं म्हणाल, तर या वयाला ८ ते १० तास झोप लागते. गटासाठी सहाला उठायचं तर दहाच्या आत दिवा मालवायला हवा. त्यात रात्रीचा ऑनलाइन क्लास बसत नसेल, तर निदान या सत्रापुरता तो क्लास बंद करा.