बी.एस्सी. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसला नेमकं काय अपेक्षित असतं? बारावीला मार्क चांगले होते, तेवढं पुरेल का?

नाही पुरणार. मी सोलापुरातच बी.एस्सी. केलं, पहिल्या टेस्टला तोंडावर आपटलो होतो.

बारावीला ठरलेल्या पद्धतीने उत्तर काढलं की भागतं. इथे प्रत्येक पायरी का चालते, तेही दाखवावं लागतं. लिमिट काढायला लोपितालचा नियम लावायच्या आधी 'शून्य भागिले शून्य' असं रूप येतंय हे लिहून दाखवा. रोलचं प्रमेय (मधे कुठेतरी डेरिव्हेटिव्ह शून्य होतो, असं सांगणारं) वापरताना तिन्ही अटी तपासा: फलन सतत आहे, मधे सगळीकडे डेरिव्हेटिव्ह आहे, दोन्ही टोकांना किंमत सारखी आहे. मॉड एक्स, म्हणजे |x| घ्या, उणे 1 ते 1. दोन्ही टोकांना किंमत 1, फलन सततही आहे, तरी डेरिव्हेटिव्ह कुठेच शून्य होत नाही. का? शून्यापाशी आलेखाला टोकदार कोपरा आहे, तिथे डेरिव्हेटिव्हच नाही. मी 'प्रमेय लागू' असं ठोकून मोकळा झालो होतो, सरांनी अख्ख्या पानावर लाल रेघ मारली!

हजेरी सहसा 75 टक्के लागते, तेवढी सांभाळा. जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत वर्ग ओस पडतात, तेव्हाच कोणी तरी इंटिग्रेशनचा महत्त्वाचा भाग शिकवून जातं. जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, आदल्या रात्री मित्राचं बघून उतरवू नका, तोंडी परीक्षेत दुसऱ्याच प्रश्नाला पकडले जाता. मार्कांची विभागणी आणि पासिंगचे नियम मात्र सीनियरला विचारू नका, त्यांचा पॅटर्न जुना असतो. विद्यापीठाच्या वेबसाइटवरून आपल्या वर्षाचा सिलॅबस उतरवून घ्या.

आणि हो, मर्यादा नसलेल्या इंटिग्रेशनला शेवटी 'अधिक सी' (स्थिरांक) लिहा राव.