दुकानातल्या पहिल्या नोकरीतून आयुष्यभर टिकेल असं काय शिकायला मिळतं?

गिऱ्हाइकाशी गोड बोलायला शिकाल, असं बहुतेक जण सांगतील. ते कुठेही शिकता येतं. माझ्या मते दुकानात अंगवळणी पडते ती एकच सवय: पैसा किंवा माल हात बदलताना तिथेच, दोघांसमोर मोजायचा.

गल्ल्याचंच घ्या. शिफ्ट सुरू होताना आतले पैसे मोजून आकडा लिहायचा, मगच पहिलं बिल. गिऱ्हाइकाची नोट लगेच आत टाकायची नाही. उरलेले पैसे त्याच्या हातात पडेपर्यंत ती दोघांना दिसेल अशी बाहेर ठेवायची, नाहीतर ‘मी मोठी नोट दिली होती’ या वादाला उत्तर नसतं. सुट्टे चढत्या मोजणीने द्यायचे. बिल 362, नोट 500ची: 3 ठेवून 365, 5 ठेवून 370, 30 ठेवून 400, वर 100 ठेवून 500. मोठ्याने म्हणत. बिलाचं मशीन आकडा बरोबरच दाखवतं, पण दोन नोटा चिकटलेल्या त्याला दिसत नाहीत.

शिफ्ट संपताना गल्ल्यातली रोख आणि बिलं यांचा हिशोब जुळला नाही तर दोनदा मोजून थांबा आणि फरकाचा आकडा बघा. त्याला 9ने भाग गेला तर आधी अंकांची अदलाबदल तपासा. 270च्या जागी 720 पडले की फरक 450. तेवढ्याच रकमेचं बिल सापडलं तर कार्डाचे पैसे रोखीत धरलेत का पाहा. निम्म्या रकमेचं सापडलं तर परतावा चुकून विक्रीत चढलेला असू शकतो. जादा निघाले म्हणून खूश होऊ नका, कुणाला तरी सुट्टे कमी गेलेले असू शकतात.

मालाचंही तेच. खोकी मोजल्याशिवाय चलनावर, म्हणजे मालासोबत आलेल्या यादीवर, सही नाही. कमी किंवा फुटलेलं असेल ते सही करण्याआधी चलनावरच लिहायचं.

आणि तूट आली की काउंटरवरच्या पोराच्या पगारातून कापा, हे मला कधीच पटलेलं नाही. एका गल्ल्यात तिघांचे हात असतील तर तूट कुणाची हे ठरणार कसं? एक माणूस, एक गल्ला, हाच नियम हवा. छोट्या दुकानात तो जमत नाही, मान्य. मग निदान माणूस बदलताना मोजून दोघांच्या सह्या घ्या. तुम्ही कामाला लागत असाल तर पहिल्याच दिवशी गल्ला मोजून मागा.