जगाचा इतिहास शिकवायचाय, कोर्स कोणता करू?

प्रश्न : मी कोरेगाव तालुक्यातली. इतिहासात एम.ए. केलंय, सध्या बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जगाचा इतिहास हा माझा आवडता विषय. तो नीट शिकवता यावा म्हणून ऑनलाइन कोर्स करायचा विचार आहे. एका जाहिरातीत पंचवीस हजारांत ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’ देतायत. वडील म्हणतात, हे सोड आणि शिक्षकभरतीच्या टीएआयटी परीक्षेचा अभ्यास कर. माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय, त्यामुळे इंग्रजीचीही भीती वाटते. सर, काय करू?

उत्तर : पंचवीस हजार भरू नकोस. जे शिकायचंय त्यातलं बरंचसं फुकट मिळतं.

आधी वडिलांचं म्हणणं. अनुदानित शाळेत लागायचं तर टीएआयटी आणि सरकारचं शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल, हाच मुख्य रस्ता. परीक्षा २०० गुणांची, १२० अभियोग्यतेला आणि ८० बुद्धिमत्तेला. तुझ्या कोर्सला त्यात एक गुणही मिळणार नाही. सहावी ते आठवीला शिकवायचं असेल तर टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपरही लागेल. तेव्हा सकाळचा ताजा वेळ परीक्षेलाच दे. पण पोर्टलवर ‘मुलाखतीसह’ भरतीही असते. तिथे संस्था तुला फळ्यासमोर उभं करून पाठ घ्यायला लावते. पाचगणी-पुण्याच्या खासगी शाळा तर डेमो पाहिल्याशिवाय पुढचं बोलतच नाहीत. आयसीएसईच्या दहावीला पहिलं महायुद्ध, हुकूमशाह्यांचा उदय, दुसरं महायुद्ध, संयुक्त राष्ट्रे हे सगळं आहे. तिथे तुझी आवड कामाला येईल.

आपल्या बोर्डातही हा विषय काही कमी नाही. बारावीच्या पुस्तकात युरोपातलं प्रबोधन, वसाहतवाद, निर्वसाहतीकरण, शीतयुद्ध आहे. दहावीच्या पहिल्याच धड्यात इतिहास कसा लिहावा याचा विचार करणारे व्हॉल्टेअर, रांके, फुको भेटतात. मुलं ही नावं जोड्या लावण्यापुरती पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. रांकेने मूळ कागदपत्रांचा एवढा आग्रह का धरला, हे त्यांना कुणी करून दाखवलेलंच नसतं. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून तुझं पत्र वाचून बरं वाटलं.

आता कोर्स. ‘ओईआर प्रोजेक्ट’ या वेबसाइटवर जगाच्या इतिहासाचे पूर्ण अभ्यासक्रम आणि शिक्षकांसाठीचं प्रशिक्षण मोफत आहे. तिथला एकच लेख सोप्या आणि अवघड अशा वेगवेगळ्या पातळ्यांवर लिहिलेला मिळतो. तू सगळ्यात सोप्या पातळीपासून सुरुवात कर, लाजू नकोस. व्हिडिओ लावण्याआधी त्याचा लिखित मजकूर वाचून काढ. शब्द ओळखीचे झाले की कानाला उच्चार पकडता येतात, इंग्रजीची भीती अशीच जाते. मूळ साधनं वर्गात कशी वाचून घ्यायची, हे शिकायला स्टॅनफर्डच्या इतिहास-शिक्षण गटाने तयार केलेले पाठ उत्तम आहेत. जागतिक नागरिकत्वाच्या शिक्षणासाठी दिल्लीतल्या युनेस्कोच्या महात्मा गांधी संस्थेचं काम पाहा. आपल्या सरकारचं ऑनलाइन कोर्सचं ‘स्वयम्’ पोर्टलही आहे. तिथे शिकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र फी असते. हे सगळं एकदम सुरू करू नकोस. एकच कोर्स घे आणि पूर्ण कर.

आणि त्या कोर्समधून एक पाठ तयार झालाच पाहिजे. प्रमाणपत्रांची फाइल मुलाखतीत कुणी दोन मिनिटंसुद्धा चाळत नाही. पाठ मात्र शेवटपर्यंत बघतात.

एक उदाहरण देतो. तुझ्याच जिल्ह्यात अपशिंगे (मिलिटरी) हे गाव आहे. पहिल्या महायुद्धात गेलेल्या तिथल्या जवानांसाठी इंग्रजांनी स्मारक उभारलं. त्याचा फोटो वर्गात दाखव आणि विचार, कृष्णेच्या खोऱ्यातली पोरं कुणाच्या लढाईला गेली होती? मग नकाशावर इराक दाखव. नोव्हेंबर १९१४ मध्ये इंग्रजांची हिंदी फौज तिथल्या फाओ बंदराला उतरली, त्यामागे इराणच्या आखातातलं तेल हे एक मोठं कारण होतं. पुढे इराकमधल्याच कूत शहरात या फौजेला तुर्कांनी वेढा घातला. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार सैनिक तुर्कांच्या हाती लागले, आणि वेढ्यात सापडलेल्यांत मराठा पलटणी होत्या. इराकमधलं बसरा स्मारक ४० हजारांहून अधिक सैनिकांच्या स्मरणार्थ आहे, त्यांच्या नोंदी राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या वेबसाइटवर कुणालाही शोधता येतात. पलटणीचं नाव टाकून पाहा. काही नोंदींत बापाचं आणि गावाचंही नाव आहे.

त्यानंतर वर्गाचे तीन गट कर. एकाने लंडनमधल्या मंत्र्याच्या बाजूने लिहायचं, दुसऱ्याने बसऱ्यातल्या अरब व्यापाऱ्याच्या, तिसऱ्याने साताऱ्यात पत्राची वाट बघणाऱ्या आईच्या. एकच घटना तीन ठिकाणांहून बघायची, जागतिक शिक्षण म्हणतात ते हेच. पुढच्या तासाला कुणीतरी पणजोबांचं पदक घेऊन येईल. आपल्या भागात अशी घरं पुष्कळ आहेत.

हा पाठ छात्रसेवेच्या, म्हणजे बी.एड.मधल्या शाळेतल्या सरावाच्या, काळातच घे. टाचण, मुलांनी लिहिलेले कागद आणि शाळेची परवानगी असेल तर दहा मिनिटांचं चित्रीकरण, एवढं जपून ठेव. अर्जासोबत तेच जाऊ दे.

एक गोष्ट वडिलांनाही सांग. नोकरी लागली म्हणून हे शिकणं संपत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत अशी अपेक्षा आहे. १२ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतरच्या वेतनश्रेणीसाठीही प्रशिक्षण लागतं, आणि २०२२ मध्ये तेही ऑनलाइन झालं होतं. ही सवय आत्ता लागली तर पुढे जड जाणार नाही.

बी.एड.ला दुसरी अध्यापन पद्धती कोणती घेतलीस ते लिहिलं नाहीस. आपल्याकडे नुसत्या इतिहासाला जागा थोड्याच निघतात, भाषा जोडीला असेल तर अर्ज करायला जास्त शाळा मिळतात. ते कळव, म्हणजे कुठल्या शाळांकडे लक्ष ठेवायचं ते सांगता येईल. टीएआयटीची तारीख जाहीर झाली की कोर्स बाजूला ठेव. ओईआर प्रोजेक्टचं सगळं साहित्य परीक्षेनंतरही तिथेच मिळेल.