एखाद्या नेत्याची ख्रिस्ती श्रद्धा खरी की दिखाऊ, हे कसं ओळखायचं?

मनातलं कुणालाच दिसत नाही, त्यामुळे शंभर टक्के खात्री विसरा. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशूने कसोटी सांगितली ती फळांची, म्हणजे माणसाच्या कृतींची. आणि हातात बायबल धरून काढलेला फोटो म्हणजे फळ नव्हे! मी एवढंच बघतो: श्रद्धेपायी या माणसाने काही गमावलं का? अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे सहकारी आणि वॉटरगेट घोटाळ्याच्या चौकशीत सापडलेले चार्ल्स कोल्सन यांनी १९७३ मध्ये ख्रिस्ताला स्वीकारलं, तेव्हा लोकांनी टर उडवली. शिक्षा टाळायचं नाटक म्हणे. पण १९७४ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला, सात महिने तुरुंगात काढले, १९७६ मध्ये कैद्यांसाठी संस्था काढली आणि पुढची पस्तीसेक वर्षं तुरुंगांच्या फेऱ्या मारल्या. मतांपुरत्या प्रार्थनेला एवढा दम नसतो.