वजन तेवढंच, मग दंड का वाळले?

प्रश्न : वडिलांना लिव्हर सिरॉसिस (यकृत कडक होण्याचा आजार) आहे, पोटात पाणी साठतं. वजन घटलेलं नाही, पण दंड-मांड्या बारीक झाल्यात. हे कुपोषण असेल का?

उत्तर : असू शकतं. काट्यावर पाण्याचंही वजन येतं, म्हणून तो आकडा फसवा. डॉक्टर अंदाजे 'कोरडं वजन' काढतात : पोटातलं पाणी थोडं असेल तर ५ टक्के, मध्यम असेल तर १०, भरपूर असेल तर १५ टक्के वजा, पायांवर सूज असल्यास आणखी ५. म्हणजे मध्यम पाणी आणि पायसूज असलेले ७० किलो प्रत्यक्षात साडेएकोणसाठच.

अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनावरून पोषण जोखू नका. ते यकृतच बनवतं. जेवण नीट असलं तरी आजारामुळे घटतं.

घरी एवढं पाहा : हात छातीवर घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठबस, शेजारी कुणीतरी हवंच. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ताकद कमी समजा. दवाखान्यात हाताची पकड मोजतात. सीटी स्कॅन आधीच झाला असेल तर कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी स्नायूंचं क्षेत्रफळ त्यातूनच काढता येतं.

आणि जेवणातली प्रथिनं कमी करू नका, ती टाळावीत ही जुनी समजूत! किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम लागतात. झोपण्यापूर्वी थोडं खाणं द्याच. यकृतातला साखरेचा साठा रात्रीत लवकर संपतो आणि शरीर स्नायू मोडायला लागतं.