‘देव अथवा निसर्ग’ यातला ‘अथवा’

प्रश्न असा आला आहे: सतराव्या शतकातला डच तत्त्वज्ञ स्पिनोझा याच्या पत्रांविषयी वाचताना ‘देव किंवा निसर्ग’ असं दिसलं. मग दोन्हींपैकी नक्की कोण? तिथे ‘म्हणजेच’ नको का?

घोळ आपल्या ‘किंवा’चा आहे. लॅटिनमध्ये ‘आउट’ हा शब्द बहुधा निवड करायला लावतो, तर ‘सीवे’ (आखूड रूप ‘सेउ’) एकाच वस्तूची दोन नावं शेजारी ठेवतो. स्पिनोझाने आपल्या ‘एथिक्स’ या ग्रंथाच्या चौथ्या भागाच्या प्रस्तावनेत लिहिलंय ते ‘देउस सेउ नातुरा’, देव अथवा निसर्ग. मराठीत निवडीला ‘की’ आहे: चहा की कॉफी? ‘किंवा’ मात्र दोन्ही घरचा पाहुणा. ‘अथवा’ही तसाच; पण दुसऱ्या नावासाठी तो आपल्या कानाला चांगला सरावलेला आहे. टिळकांच्या 1915च्या ग्रंथाचं पूर्ण नाव ‘श्रीमद्भगवद्गीतारहस्य अथवा कर्मयोगशास्त्र’. दुकानात जाऊन ‘यातलं कुठलं देऊ?’ असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

‘म्हणजेच’ मला खटकतो. त्याला दिशा असते: डावीकडचं कोडं, उजवीकडचा उलगडा. ‘देव म्हणजेच निसर्ग’ म्हटलं की देव झाडाडोंगरांत आटोपतो. नेमका हाच आक्षेप स्पिनोझाच्या कानावर आला होता. 1675च्या अखेरीस, लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव ओल्डेनबर्ग यांना उत्तर देताना तो लिहितो की, निसर्ग म्हणजे कसलंतरी जड द्रव्य असं धरून ‘देव आणि निसर्ग एकच’ हा माझ्या ग्रंथाचा पाया समजणारे साफ चुकलेत. त्याचं म्हणणं, सगळं देवात आहे आणि देवातच हालतंचालतं. देव हे वस्तूंचं आतलं कारण, बाहेरून ढकलणारं नव्हे. पत्रातली ती सप्तमी, ‘देवात’, बारकाईने वाचण्यासारखी आहे.

‘ऊर्फ’ चालेल का? अर्थाने अगदी चपखल! बारूख ऊर्फ बेंतो ऊर्फ बेनेडिक्टस स्पिनोझाला तो शोभलाही असता. पण ‘देव ऊर्फ निसर्ग’ वाचलं की मला पोलिसांच्या नोंदवहीतला आरोपी दिसतो.

खरी अडचण दुसऱ्या शब्दाची आहे. ‘सृष्टी’ घेतली तर तिच्यामागे सृष्टिकर्ता आलाच, आणि स्पिनोझाला वेगळा कर्ता नकोच आहे. ‘प्रकृती’ म्हटलं की सांख्य दर्शनातला तिचा जोडीदार, चेतन तत्त्व ‘पुरुष’, समोर उभा राहतो, नाहीतर कुणीतरी ‘आता बरी आहे’ असं उत्तर देतं. ‘निसर्ग’ही मुळात ‘सृज्’ धातूचाच, पण ‘निसर्गतः’ म्हणताना आपण कर्ता शोधत नाही. म्हणून तोच ठेवावा.

फक्त वाक्य एकवचनी हवं: ‘ज्याला आपण देव अथवा निसर्ग म्हणतो ते शाश्वत, अनंत सत्’. ‘ज्यांना’ लिहिलंत की पुन्हा दोघे झाले.